रेझर व्ही-थ्री आज घ्यावा का? पासोड्या विठोबाजवळच्या एका काउंटरवरून

हल्ली कॉलेजातली पोरं काउंटरवर येतात आणि विचारतात, "काका, तो जुना फोल्डिंगचा मोटोरोला मिळेल का?" हा फोन आला तेव्हा यातली निम्मी जन्मालासुद्धा आली नव्हती. कुणाला इन्स्टाग्रामपासून सुटका हवी असते, कुणाला इन्स्टाग्रामवर फोटो टाकायलाच तो फोन हवा असतो. बटणांच्या फोनच्या काळापासून मी पुण्याच्या बुधवार पेठेत फोन रिपेअरिंग करतोय. रोज तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतो.

निकाल आधी सांगतो. मोटोरोला रेझर व्ही-थ्री बोलायला आजही चांगला. बांधणी अशी, की उघडायला अजून हात शिवशिवतात. आणि आतलं सॉफ्टवेअर तेव्हाही रडकं होतं, आजही रडकंच आहे. वीस वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांमध्ये यावरून दोन तट होते. एकाला वाटायचं असा फोन होणे नाही, दुसऱ्याला वाटायचं पैसे पाण्यात गेले. दोघांचंही खरं होतं, कारण एक जण फोन हातात धरून बोलत होता आणि दुसरा मेनूत शिरून.

हा फोन २००४ साली आला. तेव्हा भारी फोन म्हणजे जाडजूड असाच हिशेब होता. नोकियाचा ६६०० घ्या, खिशात वडापाव ठेवल्यासारखा फुगवटा दिसायचा. त्यात हा आला, मिटलेला असताना जाडी फक्त १३.९ मिलिमीटर आणि वजन ९५ ग्रॅम. वर ॲल्युमिनियमचं कवच. लोक हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि विचारायचे, "बॅटरी आहे ना आत? डमी तर नाही?"

इतका बारीक कसा केला, हे उघडल्यावर कळतं. बाकीच्या कंपन्या एकावर एक थर रचायच्या, यांनी माल आडवा पसरला. म्हणून फोन बारीक झाला, पण ५३ मिलिमीटर रुंद झाला. त्या काळात तेवढी रुंदी बऱ्याच जणांना खटकायची, विशेषतः लहान हाताच्या माणसांना. ॲंटेना वरून काढून खाली हनुवटीत नेली. फोन उघडल्यावर तोंडाजवळ जो उंचवटा येतो ना, तो काही शोभेचा नाही, ॲंटेना तिथे आहे. पण नशीब बघा, पुढे तीच हनुवटी त्या फोनची ओळख झाली.

कीपॅडबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळी जादू तिथेच आहे. वेगवेगळी बटणं नाहीतच. धातूचा एकच पातळ पत्रा, त्यात आकडे आणि रेषा रसायनाने कोरून काढलेल्या. त्या फटींतून खालचा निळा उजेड येतो. दुरुस्तीला घेतलेल्या फोनचा तो पत्रा चिमट्याने उचलला की हातात काहीच नसल्यासारखं वाटतं, इतका हलका. उजेडाकडे धरला की आकडे आरपार दिसतात. शाई नाही, छपाई नाही, म्हणून वर्षानुवर्षं वापरूनही 'पाच' पुसला गेला असं होत नाही. त्याच काळातल्या इतर फोनच्या रबरी बटणांवरची अक्षरं कशी उडायची ते ज्यांनी वापरलेत त्यांना आठवत असेल.

आता याचीच दुसरी बाजू. सगळा पत्रा सपाट, त्यामुळे न बघता मेसेज टाइप करणाऱ्यांचे हाल. नोकियावर टेबलाखाली हात ठेवून आख्खा निबंध लिहिणारी पोरं होती, ती या फोनवर आंधळी झाली. माझ्याकडे येणारे एक निवृत्त मास्तर म्हणायचे, "दिसायला राजबिंडा आहे हो, पण बोटाला काही सांगत नाही." या फोनबद्दल ऐकलेलं सगळ्यात अचूक मत मी तेच मानतो.

खुश गिऱ्हाइकांत पहिला नंबर जागांचे व्यवहार करणाऱ्यांचा. एक साहेब होते, चंदेरी व्ही-थ्री कायम मुठीत. अंगठा फटीत सरकवून एका हाताने उघडायचे आणि बोलणं संपलं की टक् करून मिटायचे. ते म्हणायचे, "याच्यावर सौदा मोडला की मोडल्याचं समोरच्यालाही ऐकू जातं." लाल बटण दाबण्यात ती मजा नाही. आणि तो आवाज असातसा नव्हता. बिजागरीत स्प्रिंग अशी बसवलेली, की अर्ध्यापर्यंत तुम्ही ढकलायचं, पुढचं तो स्वतः करतो. चांगल्या अवस्थेतला नग आजही तसाच मिटतो.

बोलणं हे त्याचं मुख्य काम आणि ते तो नीट करतो. उघडला की कानापासून तोंडापर्यंत बरोबर पुरतो, आवाज भरीव येतो, स्पीकरफोनही आहे. बाहेर छोटा रंगीत पडदा, त्यावर वेळ आणि कुणाचा फोन आलाय ते न उघडता दिसतं. आतला पडदा २.२ इंची, मिटल्यावर झाकलेला, म्हणून त्यावर चरे कमी. चारही बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचे चारही पट्टे, असल्यामुळे फोन भारतात चालायचा आणि अमेरिकेतही. हिंजवडीतली आयटीवाली मंडळी तिकडून येताना हमखास घेऊन यायची. मग इथे सिम घातल्यावर कळायचं, की फोन तिकडच्या नेटवर्कला लॉक आहे. त्या अनलॉकिंगवर या गल्लीतल्या अनेकांची दिवाळी झाली, माझीही.

नाराज गिऱ्हाइकांची यादी लांब. मेमरी साडेपाच एमबी, म्हणजे तीन मिनिटांचं एक एमपीथ्री गाणं आणि थोडे फोटो टाकले की संपली. कार्ड टाकायला जागाच नाही. रेडिओ नाही. कॅमेरा व्हीजीए, म्हणजे एक मेगापिक्सेलचाही नाही, फ्लॅश नाही, संध्याकाळनंतर फोटोत भुतं. गुलाबी व्ही-थ्री हट्टाने घेतलेली एक मुलगी दर आठवड्याला यायची आणि म्हणायची, "काका, यातलं गाणं काढून दुसरं घालून द्या ना." तिला मी पुढच्या व्ही-थ्री-आयचा पर्याय सांगितला होता. त्यात कार्ड बसतं, कॅमेराही बरा. पण तो गुलाबीत मिळेना, मग संपलाच विषय.

आणि ती फोनबुक! एका माणसाचे दोन नंबर ठेवले की यादीत त्याचं नाव दोनदा. नोकियावरून आलेल्या माणसाचा पहिला आठवडा चिडचिडीतच जायचा. मेनू संथ, शब्द सुचवणारी सोय भलतेच शब्द सुचवणारी. इतकं देखणं घर बांधायचं आणि आत भांडी ठेवायला फळीच नाही, असा प्रकार. तरीही हे मॉडेल जगभरात १३ कोटींहून जास्त विकलं गेलं. लोक तक्रार करत होते आणि घेतही होते.

आता आजचा हिशेब. टूजी फोन आहे, म्हणून जिओचं सिम चालणार नाही, जिओकडे टूजीच नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं घ्या. सिम बॅटरीखाली बसतं आणि जुन्या मोठ्या आकाराचं लागतं. नवीन सिम ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतं, ती चौकट फेकू नका, तीच कामाला येते. बँकेचे ओटीपी मेसेजने येतील. व्हॉट्सॲप नाही, गुगल पे नाही, आणि "काहीतरी जुगाड करा ना काका" असं म्हणू नका, होत नाही. म्हणजे हा दुसरा फोन म्हणून ठीक. रिक्षावाल्याला क्यूआर स्कॅन करून पैसे देणाऱ्या पुण्यात एकट्या याच्या भरवशावर बाहेर पडायचं असेल तर खिशात सुटे ठेवा.

चार्जिंगला मिनी यूएसबी लागते. मायक्रो नव्हे, टाइप-सी तर नाहीच. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची किंवा हार्ड डिस्कची केबल घरात पडलेली असेल तर बघा, बहुधा तीच बसेल. त्या काळी प्रत्येक कंपनीचा चार्जर वेगळा असताना यांनी कॉम्प्युटरचं भोक दिलं, हे मला फार आवडलं होतं. हेडफोनही त्याच भोकात, म्हणजे चार्ज करताना वायर लावून बोलणं विसरा. बॅटरी ६८० एमएएचची. ऐकून हसू येईल, पण नुसत्या बोलण्याला ती पुरते. मात्र वीस वर्षांपूर्वीची मूळ बॅटरी फुगलेली असेल तर ती हट्टाने वापरू नका, नवी टाका.

फोल्डिंग फोन कुठल्याही कंपनीचा असो, एक गोष्ट झिजणारच. वरचं झाकण आणि खालचं अंग यांना जोडणारी फ्लेक्स. पडद्याचे आणि कानातल्या स्पीकरचे सिग्नल त्या पातळ पट्टीतून, बिजागरीतून वळसा घेऊन जातात. दिवसात शंभरदा उघडझाप म्हणजे पट्टी शंभरदा वाकली. घेताना झाकण अगदी हळूहळू उघडा आणि पडद्यावर नजर ठेवा. मध्येच रेघा आल्या, पडदा पांढरा झाला किंवा ठरावीक कोनात आवाज गेला, की समजा पट्टी शेवटच्या घटका मोजतेय. बदलता येते, पण सुटे भाग शोधावे लागतात, आणि ते काम घाईच्या माणसाकडे देऊ नका.

नव्या जमान्याचे फोल्डिंग फोनही माझ्याकडे येतात. मोटोरोलाने रेझर हे नाव २०१९ मध्ये परत काढलं, भारतात तो २०२० च्या मार्चमध्ये आला, किंमत १,२४,९९९ रुपये. त्यात गंमत म्हणून एक सोय होती, स्क्रीनवर हुबेहूब जुना व्ही-थ्री उमटायचा, कीपॅडसकट. मी ती चालवून पाहिली आणि लगेच बंद केली. काचेवर काढलेल्या पत्र्याला काय हात लावायचा? नव्यांत खुद्द पडदाच दुमडतो, ते तंत्रज्ञान थक्क करणारं आहे, नाही कोण म्हणतो. पण लाखाचा फोन गिऱ्हाईक जपून, दोन हातांनी मिटतं. व्ही-थ्री लोक बोलता बोलता, चालता चालता, भांडता भांडता मिटायचे. मला विचाराल तर फोल्डिंगचं सुख त्या बेफिकिरीत होतं.

शेवटचं आणि खिशाच्या दृष्टीने महत्त्वाचं. बाजारात 'एकदम नवा, बॉक्सपॅक' म्हणून जे फिरतंय त्यातलं बरंचसं म्हणजे आतल्या जुन्या बोर्डावर चढवलेली नवी नक्कल हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच. पारखायचं असं: कीपॅड गालाला टेकवा किंवा त्यावर बोट ठेवा, मूळ पत्रा गार लागतो, नक्कल प्लॅस्टिक कोमट. लाइट लावून अंधारात बघा, मूळचा निळा उजेड सगळीकडे सारखा, नकलेत कडेला डाग. मिटवून हलवा, झाकण खुळखुळलं तर राहू द्या. *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, आणि बॅटरीखालच्या स्टिकरवरचा नंबर जुळवा. जुळला नाही तर तिथेच नमस्कार करा आणि निघा.

मूळ बॉडी, चालू बिजागरी आणि जुळणारा नंबर असलेला, थोडे चरे पडलेला नग मी स्वतः अडीच-तीन हजारांत देतो. चरे नको असतील तर जास्त मोजा, पण तुम्हाला चकचकीत दाखवून कुणी आठ हजार मागितले, तर आधी गालाला लावून बघा.