ऑनलाइन असाइनमेंट तपासणी: दोन सत्रं वापरली, वेलांटी अजून जागेवर नाही

पदवीच्या वर्गांचं लेखन ऑनलाइन तपासायला आमच्या कॉलेजने एक प्रणाली विकत घेतली, त्याला दोन सत्रं झाली. अपलोड, मुदत, साहित्यचोरीची टक्केवारी हे सगळीकडे असतं तसंच आहे. मला बोलायचंय ते पहिल्या वेलांटीबद्दल.

मी मराठी शिकवते. पीडीएफच्या समासात शेरा टाइप केला की पडद्यावर छान दिसतो. ‘परत पाठवा’ दाबलं की शेऱ्यांसकट नवी पीडीएफ बनते आणि विद्यार्थ्याच्या हाती भलतंच काही पडतं. वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, ‘संदर्भ’चा ‘संदर् भ’ होतो, ‘निष्कर्ष’ तर ओळखूच येत नाही. एका मुलीने स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, "मॅडम, नेमकं काय सुधारू?" शेरा शुद्धलेखनाचा होता!

कारण फार गूढ नाही. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी, असा उच्चाराचा क्रम असतो. दाखवताना ती क च्या अलीकडे आणायची, जोडाक्षरं जुळवायची, हे सॉफ्टवेअरचं काम. ब्राउझर ते करतो, यांचं पीडीएफ बनवणारं यंत्र करत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याने कितीही फॉन्ट टाकले तरी उपयोग शून्य.

कंपनीचं पहिलं उत्तर: ब्राउझर बदला. मग: फॉन्ट टाका. शेवटी फोनवर एक गृहस्थ म्हणाले, "मॅम, कमेंट इंग्लिशमध्ये द्या ना, मग इश्यू येत नाही." मराठीच्या निबंधावर! तक्रार ‘निकाली’ काढली. नूतनीकरणाचं बिल मात्र वेळेवर आलं, त्यातला एकही आकडा फुटला नव्हता.

इथवर मी एकच तारा देणार होते. पण वैतागून समास सोडला आणि आवाजी शेरे द्यायला लागले, तिथे मत बदललं. लिहिताना ‘उदाहरण हवं’ एवढंच लिहिलं जायचं. बोलताना आपसूक निघतं, "तू म्हणतेस या कथेत निसर्ग नुसती पार्श्वभूमी आहे, आणि पुढच्याच परिच्छेदात पूर आल्यामुळे नायिका घर सोडते. मग पार्श्वभूमी कशी?" यावर मुलं उलट वाद घालायला येतात, जे समासातल्या शेऱ्यावर कधी झालं नव्हतं. अर्थात घरी कुकर चालू असताना रेकॉर्डिंग करू नये. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नेमका तो मुद्दा शोधायला सगळं पुन्हा ऐकावं लागतं, ही मुलांची तक्रार रास्त आहे.

दुसरी कामाची सोय म्हणजे शेरे आधी खुले करून गुण नंतर दाखवता येतात. रूथ बटलर यांनी 1988 साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या शेऱ्यांनी मुलांचं काम सुधारलं. शेऱ्यांना गुण जोडले की तो फायदा उरला नाही. मी आता शेऱ्यावर दोन ओळी उत्तर आल्याशिवाय गुण उघडत नाही. "मॅडम, मार्क कधी?" हे मेसेज सोसावे लागतात.

तयार शेऱ्यांचा साठा निरुपयोगी. ‘संदर्भ द्या’ अख्ख्या वर्गाला चिकटवलं की अख्खा वर्ग दुर्लक्ष करतो.

मुलांचा प्रिंटचा आणि स्पायरल बाइंडिंगचा खर्च वाचला, म्हणून तीन तारे. तुमचं कॉलेज असं काही घेणार असेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर समासात ‘विद्यार्थ्यांची निर्मिती’ टाइप करा, पीडीएफ डाउनलोड करा आणि ती मोबाइलवर उघडून प्राचार्यांना मोठ्याने वाचायला सांगा.