ठाणे कोर्टाजवळचं टायपिंग सेंटर: पाचपैकी पाच

लूट आणि खुनाच्या (जुन्या भारतीय दंड विधानाची कलमं 392, 302) शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायचं होतं, 60 दिवसांतले सहाच उरलेले. हस्तलिखित पंचनामे इथल्या काकूंकडे टायपिंगला दिले.

"मॅडम, मंगळसूत्र जप्त सकाळी अकराला, आणि आरोपीचं निवेदन दुपारी दोनचं?" त्यांनीच बोट ठेवलं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 27 खाली आधी आरोपीचं निवेदन, मग त्यावरून जप्ती! प्रत्यक्ष साक्षीदार एकही नाही. सुप्रीम कोर्टाच्या 1984 च्या शरद सारडा निकालाप्रमाणे परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण लागते. नुसता चोरीचा माल सापडला म्हणून खून सिद्ध होत नाही.

झेरॉक्स जरा फिकट येते. पण काकूंनी रात्री नऊपर्यंत थांबून एकेक ओळ मूळ प्रतीशी ताडून दिली.