हायड्रोजनवरची मोटार: फ्युएल सेल, इंजिन की सरळ बॅटरी?

हायड्रोजनवर मोटार चालवण्याचे दोन मार्ग आहेत. टाकीत वायू तोच असला, तरी पुढची यंत्रणा सर्वस्वी वेगळी असते. पहिल्या मार्गात तो पेट्रोलप्रमाणे सिलिंडरमध्ये जाळला जातो. दुसऱ्या मार्गात फ्युएल सेलमध्ये हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग घडवून वीज मिळवली जाते आणि त्या विजेवर चाके फिरतात. गाडी घेणाऱ्याने मात्र तिसरा पर्यायही समोर ठेवायला हवा. फ्युएल सेलची गाडी मुळात विजेवरचीच गाडी असल्यामुळे तिची खरी स्पर्धा पेट्रोलशी नसून बॅटरीवरच्या गाडीशी आहे.

ज्वलनाचा मार्ग बराच जुना आहे. फ्रान्स्वा इझाक द रिव्हाझ यांनी १८०७ च्या सुमारास हायड्रोजनच्या स्फोटांवर चालणारी गाडी बनवली होती, म्हणजे पेट्रोलच्या मोटारी येण्याच्या कितीतरी आधी. आजच्या पेट्रोल इंजिनाचे इंजेक्टर, व्हॉल्व्ह, प्रज्वलनाची वेळ वगैरे बदलून ते हायड्रोजनवर चालवता येते, फार शुद्ध वायूचीही गरज पडत नाही, आणि इंजिनाचा आवाज व गिअरची सवय असलेल्यांना गाडी ओळखीची वाटते. हायड्रोजन फार थोड्या ठिणगीने पेटतो, त्यामुळे तापलेल्या भागाशी संबंध आला की वेळेआधीच भडका उडण्याचा धोका राहतो. हवेतील नायट्रोजन ज्वलनाच्या उष्णतेने ऑक्साइडमध्ये बदलतो, म्हणून धुरातून कार्बन जवळजवळ नाहीसा झाला तरी प्रदूषण पूर्ण संपत नाही. हवेचे प्रमाण बरेच वाढवून ते खाली आणता येते, पण मग त्याच आकाराच्या इंजिनातून ताकद कमी मिळते.

तरीही या मार्गाची खरी अडचण टाकीत आहे, आणि ती आकड्यांशिवाय लक्षात येत नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ किलोवॉट-तास, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट, ऊर्जा असते. जाहिरातीत हा आकडा हमखास येतो, परंतु हा वायू इतका विरळ आहे की ७०० बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) दाबाखालीसुद्धा एका लिटरमध्ये जेमतेम ४० ग्रॅम मावतो. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीतील मिराई या फ्युएल सेलच्या गाडीत ५.६ किलो हायड्रोजन साठवायला तीन टाक्या मिळून सुमारे १४० लिटरची जागा लागते, आणि एवढी ऊर्जा पेट्रोलच्या रूपात २१-२२ लिटरमध्ये मिळते. इंजिनात तिचा निम्म्याहून अधिक भाग उष्णतेत जात असल्याने एवढ्या मोठ्या टाक्या बसवूनही पल्ला तोकडाच राहतो. बीएमडब्ल्यूने २००६ च्या सुमारास काढलेल्या हायड्रोजन ७ या गाडीत उणे २५३ अंशांवरचा द्रवरूप हायड्रोजन वापरून हा पेच सोडवण्याचा प्रयत्न झाला. बारा सिलिंडरच्या त्या जड गाडीला सुमारे आठ किलो इंधनात २०० किलोमीटरच्या थोडा वर पल्ला मिळे, आणि गाडी उभी राहिली की टाकीतला द्रव हळूहळू वाफ होऊन उडून जाई. पार्किंगमध्ये आपोआप रिकामी होणारी टाकी रोजच्या वापरात कोणाला परवडणार? अवजड यंत्रे आणि शर्यतीच्या गाड्या यांच्यासाठी या इंजिनावर काम चालू आहे; खासगी मोटारीसाठी मात्र हा पर्याय यादीतून काढायला हरकत नाही.

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजनचा रेणू प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या थरावर) फुटतो. प्रोटॉन पातळ पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनना बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो, आणि हा वळसा म्हणजेच वीज. एका सेलचा विद्युतदाब एका व्होल्टपेक्षाही कमी असल्याने मिराईत असे ३३० सेल एकावर एक रचलेले आहेत. सोबत लहानशी बॅटरी असते. ती ब्रेक लावताना परत मिळणारी ऊर्जा साठवते आणि वेग घेताना हात देते. निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक ऊर्जा कामी येत असल्यामुळे अमेरिकी सरकारी चाचणीनुसार त्याच ५.६ किलोत ही गाडी सुमारे ६४० किलोमीटर जाते. मागून निघते ते फक्त पाणी, एका किलो हायड्रोजनमागे नऊ किलो. मात्र सेलला अतिशुद्ध हायड्रोजन लागतो, कारण थोडासा कार्बन मोनॉक्साइडही प्लॅटिनमला निकामी करतो.

बॅटरीशी तुलना केली की चित्र पालटते. विद्युत अपघटनाने, म्हणजे विजेने पाण्याचे विघटन करून, एक किलो हायड्रोजन तयार करून तो दाबाखाली टाकीत भरेपर्यंत साधारण ५५ ते ६० किलोवॉट-तास वीज खर्ची पडते आणि त्यावर फ्युएल सेलची गाडी शंभर किलोमीटरच्या थोडी पुढे जाते. तीच वीज सरळ बॅटरीत भरली, तर मध्यम आकाराची गाडी ३०० किलोमीटरपर्यंत धावते. हा फरक यंत्रे सुधारून थोडा घटेल, पण विजेचा वायू आणि वायूची पुन्हा वीज करण्याचा फेरा आहे तोवर मिटणार नाही. शिवाय आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्यात प्रत्येक किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ‘फक्त पाणी’ हे वर्णन म्हणूनच गाडीच्या नळकांड्यापुरते खरे आहे.

हायड्रोजनची जमेची बाजू म्हणजे भरण्याचा वेळ. पंपावर वायू उणे ४० अंशांपर्यंत थंड करून देतात आणि टाकी पाचेक मिनिटांत भरते. ज्याच्याकडे रात्री गाडी चार्जिंगला लावण्याची सोय नाही आणि ज्याला रोज लांब जावे लागते, त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे. अर्थात पंप असेल तर! कॅलिफोर्नियात शेलने २०२४ च्या सुरुवातीला मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले आणि त्या सुमारास तिथला भाव काही पंपांवर किलोला ३६ डॉलरपर्यंत चढला होता. नॉर्वेत जून २०१९ मध्ये ओस्लोजवळच्या पंपावर साठवणटाकीच्या सदोष जोडणीमुळे स्फोट झाला, तेव्हा इतर पंपही थांबवले गेले. गाडीतल्या टाक्या भक्कम असतात आणि गळालेला वायू झटकन वर निघून जातो, त्यामुळे सुरक्षिततेपेक्षा पुरवठ्याचीच चिंता अधिक करावी. एकच पंप जवळ असेल, तर तो बंद पडलेल्या दिवशी काय करणार, याचे उत्तर आधी ठरवायला हवे; बॅटरीच्या गाडीला निदान साध्या सॉकेटचा आधार असतो.

जुनी फ्युएल सेलची गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने कार्बन फायबरच्या टाकीवरची मुदत आधी वाचावी, कारण साधारण पंधरा वर्षांची ती मुदत संपल्यावर टाकीत वायू भरता येत नाही. नव्या गाडीसोबत कंपनीने ठरावीक रकमेचे इंधन मोफत दिले असेल, तर ती सवलत दुसऱ्या मालकाकडे जाते का, हेही लेखी विचारून घ्यावे.