फाउंटन: मराठी पटकथेला चालतं, पण '@' विसरायचा नाही

फाउंटन हे ॲप नव्हे, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पटकथा लिहायची पद्धत आहे. २०१२ साली आली, फुकट आहे. फोनच्या नोटपॅडवर खरडलेला सीन मॅकवरच्या 'बीट'सारख्या ॲपमध्ये उघडला की समासांसकट पानावर बसतो.

पण नियम इंग्रजीला धरून आहेत. कॅपिटलमधली ओळ म्हणजे पात्राचं नाव, तिच्याखाली संवाद. देवनागरीत कॅपिटल नाहीत, गडबड तिथेच होते. ॲपला कॅपिटल अक्षरंच हवी असतील तर नाव वर्णनात मिसळतं. 'कॅपिटल केली तरी ओळ बदलत नाही ना?' एवढंच ते पाहत असेल तर उलटं होतं: वर्णनात मध्येच एंटर मारला की पहिली ओळ पात्र होऊन बसते. म्हणून खुणा हातानेच द्याव्यात, '.' सीनच्या शीर्षकाला, '!' वर्णनाला, '@' पात्राच्या नावाला:

.आत – वाड्याची ओसरी – रात्र

!दार करकरतं.

@आक्का
(दबक्या आवाजात)
कोण आहे रे तिकडं?

नावाच्या आधी एक ओळ मोकळी हवीच. नावानंतर सोडली तर संवाद तुटतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये शिफ्ट-२ ला @ नसून अर्धचंद्र येतो, दर संवादाला कीबोर्ड बदलणं जिवावर येतं. म्हणून नावाआधी @ऐवजी दंड (।) टाका, मराठीत तो एरवी लागत नाही, शेवटी फाइंड-रिप्लेसने एकदाच सगळ्या दंडांचे @ करा.

सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे '='. त्या खुणेची ओळ सारांश मानली जाते, संवादात मिसळत नाही. मालिकेत पटकथा एकाची आणि संवाद दुसऱ्याचे असतात; पटकथाकाराने प्रत्येक सीनखाली '=' देऊन घटना लिहावी, संवादलेखकाने त्याच फाइलमध्ये पुढे भरावं.

'एक पान म्हणजे एक मिनिट' हा हिशेब मात्र सोडा. तो १२ पॉइंटच्या कुरिअर या इंग्रजी फॉन्टवर बेतलेला आहे. कुरिअरमध्ये देवनागरी नाही, दुसरा फॉन्ट आला की पानं बदलतात. सीन मोठ्याने वाचून घड्याळ लावावं. पीडीएफ काढल्यावर रफार आणि उकार वर-खाली कापले गेले नाहीत ना, तेही पाहावं.

नभोनाट्यात ध्वनीसाठी वेगळी खूण नाही, '!ध्वनी:' लिहून भागतं. माहितीपटाचे दृश्य-श्राव्य असे दोन रकाने हवेत तर वर्डमधला तक्ताच बरा. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या संहिता आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील. रूपांतरानंतर 'तऱ्हा', 'सुऱ्या' असे शब्द डोळ्यांखालून घालाच.