सिलिकाची ट्रान्सलुसंट पावडर: शूटला न्यावी का?

शूटला निघालेल्या मॉडेलच्या बॅगेत एक डबी बहुधा असतेच. पांढरीशुभ्र लूज पावडर, वर ‘एचडी’ किंवा ‘ट्रान्सलुसंट’ असं लिहिलेलं. घटकांच्या यादीत पहिलंच नाव सिलिका, काही डब्यांत तर दुसरं नावच नसतं. हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, या अख्ख्या जातीचं आहे.

आधी तिचे गुण. सिलिका तेल चांगलं शोषते. त्वचेवरची रंध्रं पुसट दिसतात आणि फाउंडेशनचा रंग बदलत नाही. आरशात बघितलं तर काही लावलंय असं वाटतही नाही, आणि फसगत नेमकी तिथेच होते. खोलीतल्या उजेडात न दिसणारा हा थर कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशमध्ये उठून दिसतो. फ्लॅश लेन्सला खेटून असला की पावडरच्या कणांवर आदळलेला प्रकाश थेट लेन्सकडेच परततो. मग डोळ्यांखाली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना पिठाचा हात फिरल्यासारखे पांढरे चट्टे येतात. यालाच फ्लॅशबॅक म्हणतात. सावळ्या आणि गडद त्वचेवर तो जास्त जाणवतो. बाजूला लावलेल्या मोठ्या सॉफ्टबॉक्सच्या (दिव्यापुढे पांढरं कापड लावून प्रकाश मऊ करणाऱ्या पेटीच्या) प्रकाशात हा त्रास बराच कमी असतो.

दोष दर वेळी पावडरचाच असतो असंही नाही. सनस्क्रीन किंवा एसपीएफवाल्या फाउंडेशनमधलं टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडसुद्धा असाच पांढरेपणा आणतं. स्टुडिओत फ्लॅशवर शूट असेल तर त्या दिवशी हे थर टाळा. उन्हात शूट असेल तर मात्र सनस्क्रीन हवंच.

चाचणी आदल्या दिवशी करा, सेटवर नको. पूर्ण मेकअप करा, खोलीत अंधार करा, मोबाइलचा फ्लॅश चालू ठेवून साधारण एक मीटरवरून फोटो काढून घ्या: एक समोरून, एक मान अर्धी वळवून. फोटो मोठा करून डोळ्यांखालचा भाग, नाकाच्या कडा आणि केसांची रेघ तपासा. मोबाइलचा फ्लॅश कमजोर असतो. म्हणून त्यात पांढरं दिसलं तर ती पावडर बादच समजा, आणि नाही दिसलं तरी सेटवर फोटोग्राफरला आधी एक टेस्ट फ्रेम मागा.

बिघडतं ते बहुतेकदा प्रमाणात. पूर्ण चेहऱ्याला मुगाच्या दाण्याएवढी पावडर पुरते. ती डबीच्या झाकणात काढा, पफ दुमडून चोळा म्हणजे ती त्यात मुरते, आणि मग पफ चेहऱ्यावर दाबत न्या. घासलात तर खालचं फाउंडेशन सरकतं. कपाळ, नाक, हनुवटी आणि पापण्या एवढंच पुरे. गालाचं हाड मोकळं सोडा, नाहीतर चेहरा सपाट, निर्जीव दिसतो. मॉइश्चरायझर लावल्यावर १०-१५ मिनिटं थांबा. ओलसर थरावर पावडर बसली की तिचे गोळे होतात.

टचअपच्या वेळी हात लगेच डबीकडे जातो, तो आवरा. आधी ब्लॉटिंग पेपर. तो नसेल तर टिश्यूचे पदर सुटे करून एकच पदर हलक्या हाताने दाबा. तेल आणि घाम टिपून झाल्यावरही चमक उरली, तरच पावडर. तेलावर पावडर आणि पावडरवर पुन्हा पावडर असं केलं की दुपारपर्यंत हसण्याच्या रेषांत ती साचते. खरं सांगायचं तर शूटमधलं निम्मं काम हा कागदच करतो, नाव मात्र पावडरचं होतं.

फ्लॅशबॅक आलाच तर चेहरा पुसू नका. कोरड्या, स्वच्छ ब्रशने जादा पावडर झटका, मग घट्ट पिळलेला ओला स्पंज दाबून उचला.

डबीची रचना मात्र वैताग आणते. जाळीची भोकं मोठी, प्रवासात निम्मी पावडर झाकणात येते आणि उघडताच काळ्या ड्रेसवर सांडते. अर्ध्या भोकांवर चिकटपट्टी लावा आणि गळ्याभोवती टिश्यू खोचूनच पफ हातात घ्या. कपड्यावर पडलीच तर ओला हात लावू नका, चिकटपट्टीने टिपा.

तेलकट त्वचा आणि सॉफ्टबॉक्सचा प्रकाश असेल तर जरूर घ्या. त्वचा कोरडी असेल तर नको: सालं निघाल्यासारखी दिसतात. कॅमेऱ्यावरच्याच फ्लॅशवर काम असेल तर त्वचेच्या रंगाची प्रेस्ड (दाबून वडी केलेली) पावडर बरी, पण चाचणी तिचीही करा. आणि घ्यायचीच तर सगळ्यात लहान डबी घ्या. मुगाएवढीच लागते म्हटल्यावर मोठी कधी संपायची?