जर्मनीतली पहिली खोली: वसतिगृह की शेअर फ्लॅट?

टिळकवाडी, खानापूर, निपाणीकडून जर्मनीला निघालेल्या पोरांचं घोडं बहुतेक वेळा खोलीपाशी अडतं. विद्यार्थी वसतिगृह स्वस्त पडतं. खाट-टेबल आत असतं, आणि वीज, पाणी, हीटिंग, इंटरनेट बहुधा भाड्यातच धरलेलं. पण म्युनिकसारख्या शहरात महिनोन्‌महिने नंबर लागत नाही. म्हणून प्रवेशपत्र येताच अर्ज टाका, बेंगळूरहून व्हिसा येईपर्यंत थांबू नका.

शेअर फ्लॅट, तिकडच्या भाषेत 'वेगे', त्यामानाने लवकर मिळतो. जाहिरात मात्र नीट वाचायची. 'काल्ट' म्हणजे हीटिंग वगैरे सोडून भाडं, 'वार्म' म्हणजे ते धरून. वीज तरीही वेगळी असू शकते. अनामत कायद्याने जास्तीत जास्त 3 महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढी. तुम्ही बेळगावात असतानाच, खोली न दाखवता पैसे मागणारा बहुधा ठगच.

खरी मेख पत्त्याच्या नोंदणीत आहे. राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत ती करायची, त्याला घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. वसतिगृहात तो बिनबोभाट मिळतो. पोटभाड्याने खोली देणारे काहीजण देत नाहीत, आणि मग टॅक्स नंबर, रहिवास परवाना सगळंच लटकतं. तसली खोली फुकट मिळाली तरी नको.

पहिल्या सेमिस्टरला वसतिगृहच बरं. सामायिक स्वयंपाकघरात शेगडी इंडक्शनची असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर तापणार नाही. स्टीलचा, इंडक्शन तळाचा न्या. आणि हो, कुंदा घरीच खाऊन निघा. दुधाचे पदार्थ सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत.