एकट्याची निवांत सायकल-सफर: पॅनियर की बाइकपॅकिंग बॅगा?

सायकल ठरली, टायर बदलून झाले, वाटही मुद्दाम आडरस्त्यांची निवडली, की प्रश्न उरतो सामान कशात भरायचं याचा. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणारे पॅनियर, की सीटमागे, हँडलला आणि फ्रेमच्या त्रिकोणात पट्ट्यांनी बांधायच्या बाइकपॅकिंग बॅगा? मी दोन्ही वापरले आहेत, आणि दोन्हींवर मनापासून फिरलो आहे.

बाइकपॅकिंग बॅगांना मी कमी लेखत नाही. कॅरिअर लागत नाही, म्हणून फ्रेमला त्यासाठी भोकं नसली तरी अडत नाही. सायकल अरुंद राहते. सायकल ढकलत न्यायची वेळ आली की पॅनियर पोटऱ्यांना लागत राहतात. या बॅगांचा तो त्रास नाही. हा प्रकार मुळात मदतीचं वाहन सोबत नसलेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत रुजला. टूर डिव्हाइड ही त्यातली नावाजलेली शर्यत, कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत, सुमारे 4,400 किलोमीटरची. तिथे थांबणं म्हणजे वेळ गमावणं. सगळं आवळून बांधायचं आणि जात राहायचं, अशा प्रवासासाठी या बॅगा उत्तमच.

आपली सफर मात्र थांबण्यासाठीच असते, आणि माझं घोडं नेमकं इथे अडलं.

सीटमागची लांब बॅग घट्ट भरली नाही तर मागे डुलते. उभं राहून चढ चढताना हे डुलणं कमरेला जाणवतं. म्हणून आपण ती ठासून भरतो, तोंड गुंडाळतो, पट्टे ओढतो. मग आभाळ भरून येतं आणि रेनकोट तळाशी असतो. पट्टे सोडा, वरचं सगळं बाहेर काढा, पुन्हा कोंबा. रेनकोट अंगावर गेल्यामुळे बॅग आता सैल, म्हणून पट्टे पुन्हा आवळा. ऊन पडलं की हेच उलट्या क्रमाने. रेनकोट हँडलच्या बॅगेत ठेवून पाहिला, तर तिथली दुसरी एखादी वस्तू तळाशी गेली. काही दिवसांनी लक्षात आलं की थांबावंसं वाटूनही मी पुढे जातोय. ओढ्याकाठी सावली दिसायची, वही काढून बसावंसं वाटायचं, पण बॅग उघडायच्या विचारानेच पेडल सुरू राहायचं. कुठे थांबायचं हे सामान ठरवू लागलं, तर आडरस्ता निवडल्याचा उपयोग काय? पॅनियरचं तोंड उघडायला एक बकल पुरतं. अर्धा रिकामा असला तरी तो मुकाट लटकत राहतो.

एकट्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘जरा सायकलकडे बघ’ म्हणायला सोबत कोणी नसतं. चांगल्या हुकांचा पॅनियर मूठ ओढताच कॅरिअरवरून सुटतो, सामान हातात घेऊन आत जाता येतं. पट्ट्यांनी बांधलेल्या बॅगा दर वेळी सोडून नेणं निदान माझ्याच्याने तरी होत नाही.

पॅनियर वारा अडवतात, हे खरं. आडवा वारा सुटला की सायकल ओढली जाते. पण वारा पडलेला असेल तर हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते: ताशी 30 किलोमीटरऐवजी 15 ने गेलात तर ती एक अष्टमांशावर येते. रमतगमत जाणाऱ्याने या मुद्द्यावर फार झोप उडवून घेऊ नये. वजन मात्र वाढतं, आणि खडबडीत रस्त्यावर कॅरिअरचे बोल्ट सैल होतात. मी रोज सकाळी निघण्यापूर्वी ॲलन कीने ते तपासतो. मोठे पॅनियर भरण्याचा मोहही होतो. मागचे दोनच घ्या, पुढचे सोडून द्या.

वाट बहुतांशी दगडगोट्यांची असेल किंवा फ्रेमला कॅरिअर बसतच नसेल, तर बाइकपॅकिंग बॅगाच घ्याव्यात, असं मीही म्हणेन. गावांमधून जाणाऱ्या बारीक डांबरी-कच्च्या रस्त्यांसाठी माझं मत मागचे दोन पॅनियर आणि हँडलला एक छोटी बॅग. घेण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. हुक तुमच्या कॅरिअरच्या नळीवर घट्ट बसतात का; नळ्यांची जाडी सारखी नसते आणि सैल हुक खडखडतो. आणि पेडल मागे आलं की टाच पॅनियरला लागते का. लागत असेल तर हुक सरकवून पॅनियर थोडा मागे घेऊन पाहा. तरीही लागली, तर त्या सायकलसाठी तो पॅनियर नको.